बाय सांगून जायची

मूल पडलं की आपल्याकडे भुईला मारतात. घरातलं मोठं माणूस धावत येतं, जमिनीवर दोन चापट्या मारतं आणि म्हणतं, "हात् भुई! आमच्या बाळाला लावतेस?" मग पोर रडता रडता स्वतःही दोन चापट्या मारून घेतं आणि गप्प होतं. आमच्या नौपाड्याच्या घरात या रिवाजाला पहिली हरकत घेतली ती बायनं. नंदू नुकता धरून उभा राहायला लागला होता. एकदा भिंतीशी उभ्या ठेवलेल्या पाटाला धरायला गेला आणि पाटासकट आडवा झाला. सासूबाईंनी सवयीनं फरशीवर हात उगारला, तशी बाय म्हणाली, "आजी, भुईनी काय केलंय? ती हाय तिथंच व्हती." आणि नंदूला मांडीवर घेऊन त्याच्या गुडघ्यावर तळवा ठेवून बसली. "लागलं ना? लागलं रं. लय लागलं." एवढंच म्हणत राहिली. 'उगी उगी' नाही, की 'काही नाही झालं' नाही. नंदू मनसोक्त रडला आणि आपणच मांडीवरून उतरून गेला. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता मुलं कशी वाढवायची ते हिच्याकडून शिकायचं आपण!" मी तेव्हा हसले होते.

बाय माजिवड्याच्या आगरी घरातली. नाव बारकूबाई, पण तिच्या गावात सगळ्याच बायका एकमेकींना बाय म्हणत, तेच नाव आमच्या घरीही चालू झालं. सारं तारुण्य मिठागरात गेलेलं. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून तिच्या टाचा अशा उलल्या होत्या की बसताना ती पाय पदराखाली घ्यायची. पन्नाशीला पाठीनं दगा दिला तेव्हा मिठागर सुटलं. मी नौपाड्यातल्या एका शाळेत शिकवत होते. चार महिन्यांचं मूल घरी ठेवून नोकरीला जाणारी मी गल्लीतली एकटीच, त्यामुळे शेजारणी मला 'कशी आहेस' असं विचारतच नसत. 'तो कसा राहतो गं तुझ्यावाचून?' असं विचारत. सासूबाईंचे हात संधिवातानं आखडलेले. तेव्हा सुईणीच्या ओळखीनं बाय आली. सकाळी नऊच्या सुमारास चालत यायची, मी संध्याकाळी आले की जायची.

मी बी.टी. झालेली. बालमानसशास्त्राच्या पेपरात 'अर्भकाचा भावनिक विकास' या प्रश्नाचं उत्तर मी चार पानं लिहिलं होतं. जन्मतः नुसती अस्वस्थता, मग त्यातून राग वेगळा होतो, भीती वेगळी होते, आनंद, माया, मत्सर असं करत करत शाखा फुटतात, वगैरे. पाठांतर चोख होतं. एकदा शहाणपणा मिरवायला मी हे बायला सांगितलं. ती नंदूच्या दुपट्यांच्या घड्या करत होती. "मंग?" म्हणाली. "मीठ कसं होतं? पयलं निस्तं पानीच असतं. ठरू दिलं का येकेक खरा धरतं. मदीच फावरा घातला का चिखल." तिच्या बोलण्यात 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' व्हायचा, खडा म्हणजे खरा. माझी चार पानं तिनं तीन वाक्यांत संपवली याचा मला थोडा रागच आला.

नंदू आठ महिन्यांचा असताना यांचे मामा पुण्याहून आले. शाळा तपासणारे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मिशा, उपरणं, सगळा दरारा. तोवर आमचा नंदू सगळ्या गावाचा होता, भाजीवालीलाही हसून दाखवायचा. मामांनी उचलला आणि त्यानं असा टाहो फोडला की मामांनी तो परत पाळण्यात ठेवला आणि म्हणाले, "मुलाला माणसांची सवय लावलेली दिसत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाय मात्र स्वयंपाकघराच्या दारात खुशीत उभी. मामा गेल्यावर म्हणाली, "ताई, गूल वाटा. पोराला आपली मान्सं कलली. ज्याला आपलं कललं त्यालाच परकं कलतं." मी खरंच गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला. हे माझ्याही पुस्तकात होतं. फक्त पुस्तकातलं बाळ माझं नव्हतं, म्हणून ओळखता आलं नव्हतं.

पुढे नंदू सव्वा वर्षाचा झाला तेव्हा सासूबाईंना एक नवा खेळ सापडला. त्या डोळ्यांना पदर लावून खोटं खोटं हुंदके द्यायच्या, आणि नंदू खेळ टाकून त्यांच्याकडे बघत राहायचा. एके दिवशी तो दुडदुडत गेला, त्याचं निजायचं मऊ फडकं, जे तो कोणाला हात लावू द्यायचा नाही, ते घेऊन आला आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. आम्ही टाळ्याच वाजवल्या. सासूबाई तर शेजारणींना बोलावून पुनःपुन्हा तो प्रयोग करू लागल्या. तिसऱ्या खेपेला बाय आडवी आली. "आजी, ह्ये नका करू. तुमचं ररनं खोटं हाय, पन त्याची माया खरी हाय." सासूबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. तो खेळ घरात पुन्हा झाला नाही, आणि सासूबाई दोन दिवस बायशी फक्त कामापुरतं बोलल्या.

पण बाय म्हटलं की मला आठवतं ते तिचं सांगून जाणं. आमच्या घराला दोन दारं होती, पुढचं गल्लीत उघडणारं आणि मागचं परसात. मी निघाले की नंदू रडायला लागला, तेव्हा सासूबाईंनी त्याला परसात नेऊन शेवग्यावरचा काऊ दाखवायचा आणि मी चपला हातात घेऊन पुढच्या दारानं सटकायचं, असं ठरलं. ठरवायचं काय त्यात? सगळ्या घरांतून हेच चालतं. बायनं चार-सहा दिवस पाहिलं आणि एका सकाळी माझी वाट अडवून उभी राहिली.

"ताई, आपल्याच घरातून चपला हातात घेऊन जाताव, तुमी चोर हाव का?"

"अगं, रडतो तो."

"ररू दे. आय चाललीय, ररनार नाय तर काय हसल? सांगून जावा. तुमी लपून गेलाव का पोर सारा दिस तुमाला शोदतंय. दाराआर, खाटंखाली. सांगून गेलाव तर वाट बगल. शोदनं येगलं ताई, आनि वाट बगनं येगलं."

मी सांगून जायला लागले. पहिले आठ दिवस त्याचा आकांत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू यायचा, आणि तिसरीच्या वर्गात पाढे घेताना माझाच पाढा चुकायचा. नवव्या-दहाव्या दिवशी त्याचा खालचा ओठ नुसता थरथरला आणि त्यानं हात वर केला. संध्याकाळी आले तर दारात बसलेला. आधी मी आले की तो माझ्याकडे बघायचाच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बाय स्वतःही रोज जाताना त्याच्यासमोर उकिडवी बसायची. "बाला, मी जातंय. उद्या येन." दुसऱ्या दिवशी यायचं नसेल तर "उद्या नाय, परवा." सासूबाई म्हणायच्या, "त्याला उद्या-परवा काय कळतंय?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "त्याला नाय कललं तरी मना कलतं ना."

हे तिला कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. सुट्टीचे दिवस होते, आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. तिनं मान वर न करता सांगितलं. तिचं पहिलं घर आंबिवलीकडच्या एका गावात होतं. विसाव्या वर्षी नवरा तापानं गेला. पदरात दोन वर्षांचा मुलगा. बापानं माजिवड्याला तिचा पाट लावून दिला, म्हणजे दुसरं लग्न करून दिलं, आणि रिवाजाप्रमाणे मुलगा बापाच्या घरचा, तो तिथंच राहिला. निघायच्या दिवशी नणंद त्याला कडेवर घेऊन नदीवर होडी दाखवायला गेली. "सगली बोलली, लपून जा, ररल त्यो. मी गेली. म्हयन्यानी परत गेली त्याला बगाला, तर दारात उबा व्हता. मना बगलंन आनि आत निंगून गेला." मुलगा आता मोठा होता, मुलाबाळांचा होता. ठाण्याच्या बाजाराला आला की तिला भेटायचा, पाया पडायचा. "पन मना 'तुमी' बोलतंय ताई. आमच्यात आयला कोन तुमी बोलतं?" वालाची सालं तिनं पदरात गोळा केली आणि ती टाकायला परसात गेली. बराच वेळ आली नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते आता सांगते.

नंदू दोन वर्षांचा असताना ओट्याच्या पायरीवरून तोंडावर पडला. हनुवटी फुटली. मी तीन हातांवर होते, हात पसरून पुढे झाले. तो उठला, रक्त गळत असलेलं तोंड घेऊन माझ्या बाजूनं पळत गेला आणि आत बायच्या कमरेला बिलगला. बायनं माझा चेहरा पाहिला. "ताई, घ्या त्याला," म्हणून तिनं तो माझ्याकडे दिला, तर तो माझ्या हातांतून तिच्याकडे झेपावत राहिला. माझ्या पुस्तकात मत्सर हा विषय लहान मुलांच्या प्रकरणात होता. अठ्ठावीस वर्षांच्या, बी.टी. झालेल्या बाईच्या मत्सराबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात यांना डोंबिवलीला नव्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या आणि मला जूनपासून तिथल्याच एका शाळेत जागा. बायला माजिवड्याहून रोज येणं शक्य नव्हतं. म्हणजे ताटातूट व्हायचीच होती, त्यात कोणाचा दोष नव्हता. फक्त सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी दोन महिने काढले. मग शिमगा आला. शिमगा म्हणजे आगऱ्यांचा मोठा सण, बायनं दोन दिवसांची सुट्टी घेतली. जाताना नंदूसमोर बसून तिनं दोन बोटं दाखवली. "बाला, दोन दिस नाय. तिसऱ्या दिसी येन." आणि दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, यांना सुट्टी होती म्हणून आमचं सामान लॉरीत चढलं.

सासूबाईंनीच विचारलं, "अगं, बायला सांगितलंस ना?"

मी म्हणाले, "सांगून काय? दोघंही रडतील. हेच बरं."

शेजारच्या काकूंकडे बायसाठी एक नवं लुगडं ठेवलं. तिला म्हणावं फार घाई झाली. लॉरी हलली तेव्हा मला वाईट वाटत होतं, पण त्याखाली एक सुटल्यासारखंही वाटत होतं. आता हा माझा एकटीचा. खोटं कशाला सांगू, अगदी हेच शब्द मनात आले होते.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे चार इमारती, भाताची शेतं आणि विहिरीचं पाणी. तिसऱ्या दिवसापासून नंदूनं शोधायला सुरुवात केली. दाराआड पाहिलं. खाटेखाली पाहिलं. न उघडलेल्या ट्रंकेवर थापा मारून "बाय, ये" म्हणाला. जिन्यात पाऊल वाजलं की धावायचा, आणि दुसरंच कोणी दिसलं की रडायचाही नाही, नुसता परत यायचा. सासूबाई म्हणाल्या, "विसरेल हो, लेकरांचं काय." मीही पेपरात तेच लिहिलं होतं, लहान मुलांच्या भावना तीव्र असतात पण अल्पकाळ टिकतात. पंधरा दिवसांत त्यानं विचारणं सोडलं. मग तो मला सोडेना. विहिरीवर निघाले तर पदर धरून मागे, न्हाणीघरात गेले तर दाराशी बसून. "येते हं" म्हटलं की पदर आणखी घट्ट धरायचा. मला हवा होता तसा तो माझ्या एकटीचा झाला होता, आणि माझ्या शब्दावर त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता.

मे महिन्यात एका सकाळी बाय दारात उभी. काकूंकडून पत्ता घेऊन, स्टेशनापासून विचारत विचारत आली होती. हातात ताडगोळ्यांची टोपली. काखेत मी ठेवलेलं लुगडं, घडी न मोडलेलं. ते तिनं ट्रंकेवर ठेवून दिलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

नंदू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होता. त्यानं तिला पाहिलं, वळला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मी कसनुसं हसून म्हणाले, "विसरला वाटतं."

"नाय ताई. इसरलेलं पोर जवल येतं, नवीन मान्सावानी बगतं. ह्यो बगत पन नाय." तिनं टोपली खाली ठेवली. "माजा पन असाच आत गेलता."

तिनं त्याला हाक मारली नाही. बाहेरच्या खोलीत त्याच्याकडे पाठ करून बसली आणि ताडगोळे सोलू लागली. एक, दोन, तीन. ताट भरत आलं. मग आतून नंदू आला आणि तिच्या पाठीत दोन्ही मुठींनी मारायला लागला. दात-ओठ खाऊन, घाम येईपर्यंत. मी उठले, तर तिनं हातानंच मला थांबवलं. "मार," म्हणाली. "मार बाला. मी आलती तिसऱ्या दिसी. पन तू नवता." मारता मारता तो तिच्या पाठीवरच कोसळला आणि रडू लागला. दोन महिन्यांत तो असा रडला नव्हता. तिनं त्याला पुढे ओढून घेतलं. मी समोर उभी होते, पण मला कोणाजवळ जायचा हक्क नव्हता.

दुपारी तो तिच्या मांडीवर निजला तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, पोराला नाय सांगितलं, बरं. पन मना तरी सांगायचं. मी काय तुमाला अरवली असती? ररली असती दोन दिस." जरा थांबून म्हणाली, "चार दिस येत व्हती मी, टालं बगाला."

'माझं चुकलं' एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. पण शिकलेल्या माणसाच्या जिभेला दुसरेच शब्द सोपे पडतात. मी म्हणाले, "अगं, आम्ही येणार आहोत ना माजिवड्याला! मे संपायच्या आत नंदूला घेऊन येते तुझ्याकडे. नक्की." आपण निरोप देताना म्हणतोच हे. 'या हं एकदा', 'येऊ की', 'नक्की'. दोन्ही बाजूंना माहीत असतं की त्याचा अर्थ 'अच्छा' एवढाच आहे.

बाय माझ्याकडे बघत राहिली. "येनार?"

"येणार."

"मंग मी त्याला तसं सांगतंय." आणि नंदू जागा झाल्यावर ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बाला, मी जातंय. उद्या येनार नाय, परवा पन येनार नाय. मी लांब ऱ्हातंय. तुजी आय तुला माज्याकरं घेऊन येल." तो रडला. तिनं रडू दिलं, आणि जिना उतरून गेली.

मे संपला. जूनमध्ये शाळा लागली, मग पाऊस, मग नंदूला गोवर. कारणांना तोटा नव्हता. डोंबिवलीहून माजिवडा म्हणजे काही काशी नव्हे, पण मी गेले नाही. कारण एकच होतं. तिथे गेलो की तो माझं बोट सोडून तिच्याकडे पळेल, आणि ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

गेले ती दोन वर्षांनी, आणि तेही माझ्या गरजेला. मला पुन्हा दिवस गेले होते. बाळाकडे बघायला बाय येऊन राहील का, हे विचारायचं होतं. जवळजवळ पाच वर्षांच्या नंदूला घेऊन विचारत विचारत तिच्या घरापाशी पोचले. अंगणात तिची सावत्र सून सुकी मासळी वेचत होती. आमच्याकडे पाहून ती हळूहळू उठली.

"तुमी डोंबिवलीच्या ताई? ह्यो नंदू?"

"हो. बाय आहे का?"

तिनं पदरानं हात पुसले. "बाय गेली. सरावनात. लय दिस खाटेवर व्हती."

मी अंगणातल्या दगडावर बसले. तिनं पाणी आणून दिलं आणि सांगत राहिली. त्या मे महिन्यापासून बाय दुपारची ओटीवर बसायची, रस्त्याकडे तोंड करून. ताडगोळे काढले की चार बाजूला ठेवायची. "आमी हसायचो तिला. बोलायचो, ती मास्तरीन कशाला येतं इकरं? तर आमच्यावर रागवायची. बोलायची, 'ती तशी नाय. तिनी सांगितलंय.'"

नंदू माझं बोट धरून उभा होता. तो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मग हळूच विचारलं त्यानं, "आई, बाय कोण?"